पिशवी सकाळी बघायची

४ मार्च, मंगळवार

तांबडी सकाळपासून कोपऱ्यात उभी आहे. दाणा टाकला तर बाकीच्या सहाजणी एकमेकींना तुडवत आल्या, ही जागची हलली नाही. मान लांब करते, आत ओढते, पुन्हा लांब करते. उचलून पाहिलं तर गळ्याखाली, छातीच्या उजव्या अंगाला, टणक गोळा. मुठीएवढा. दाबला तर दबत नाही.

हे वहीत उतरवायला कारण आहे. चाळीस वर्षं मी पंप दुरुस्त केले, आणि प्रत्येक पंपाची नोंद ठेवली: आवाज कसा, कधीपासून, उघडल्यावर आत काय निघालं. शाळा सातवीत सुटली, वही सुटली नाही. आता दुकान मुलाकडे आहे आणि माझ्याकडे सात कोंबड्या. पण नोंद ती नोंद. शिवाय ही वही उद्या पुरावा म्हणून लागेल अशी माझी खात्री होत चालली आहे.

कारण भिंतीपलीकडे धाकटा आहे. माझा सख्खा भाऊ. एका घराची दोन घरं झाली, मधे विटांची भिंत आली, त्याला चार वर्षं झाली. त्याने तिकडे रोपांची नर्सरी काढली. जानेवारीत माझी एक कोंबडी उडून पलीकडे गेली आणि त्याच्या टोमॅटोच्या रोपांचा एक ट्रे तिने उकरून ठेवला. त्याने ती तंगडीला धरून भिंतीवरून इकडे फेकली. शब्द नाही, काही नाही. कोंबडी आली, धप्प. तेव्हापासून मी कान उघडे ठेवून आहे. रोज सकाळी सहाला त्याचा फवारणीचा पंप सुरू होतो, फस्‌ फस्‌ फस्‌, नेमका भिंतीलगत. त्या पंपात काय असतं ते तोच जाणे.

आमच्यात बोलणं नाही. म्हणजे थेट नाही. मला त्याला काही ऐकवायचं असलं की मी कोंबड्यांशी बोलतो. आज तांबडीला मोठ्याने म्हणालो, “काय ग, शेजार बाधला वाटतं तुला?” पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला. म्हणजे पोचलं.

५ मार्च, बुधवार

हादरून गेलो आहे. संध्याकाळी दाणा घालून झाल्यावर सगळ्यांना एकेक करून उचललं आणि गळ्याखाली हात लावला. सातच्या सातजणींना गोळा. कुणाला लहान, कुणाला मोठा, पण आहे. हेडबाईला तर एवढा, की चालताना तोल जात होता. (तिला हेडबाई म्हणतो, कारण बाकीच्यांना रांगेत लावल्याशिवाय ती कुणाला भांड्याजवळ येऊ देत नाही.)

घरातून बायकोला, हिला, हाक मारली. ही म्हणाली, “सगळ्या आजारी असत्या तर अशा तुटून पडल्या असत्या का दाण्यावर?”

“विष हळूहळू चढतं.”

“तुम्हाला बरं माहीत विषाचं.”

घरातच फितुरी असल्यावर बाहेरच्यांना काय बोलणार.

तेवढ्यात पलीकडून भावजयीचा आवाज आला. धाकट्याची बायको एरवी हळू बोलते, आज शाळेतल्या बाईंसारखी खणखणीत बोलत होती. “संध्याकाळी सगळ्यांचीच पिशवी भरलेली असते. खाल्लेलं आधी तिथेच साठतं. ती रात्रभरात रिकामी होते. बघायचं तर सकाळी बघावं, दाणा घालायच्या आधी.”

कुणाशी बोलत होती कोण जाणे. धाकटा घरी नव्हता, त्याची स्कूटर निघाल्याचा आवाज मी पाच मिनिटांपूर्वी स्वतः ऐकला होता. एकटीच बडबडत होती आणि मला हसत होती, दुसरं काय.

६ मार्च, गुरुवार

पहाटे सहज म्हणून, दाणा घालायच्या आधी, पुन्हा हात लावून पाहिला. सहाजणींचं सपाट. बोटाला फक्त कातडी लागते. तांबडीचा गोळा मात्र जसाच्या तसा, दगड. म्हणजे फक्त तांबडीलाच बाधा झालेली आहे. ही तपासणीची पद्धत मला सुचली ते बरं झालं.

आता उपाय. पाइप तुंबला की मी काय करतो? एका बाजूने दाबाने पाणी सोडतो, पाइप उलटा धरतो, आणि झटकतो. गळा म्हणजे तरी काय, नळीच. रबरी नळीचा तुकडा घेतला, मोठ्या सिरिंजने चोचीतून पाणी सोडलं, पिशवी फुगल्यासारखी वाटली. मग पाय धरून उलटी केली आणि गोळा वरून खाली दाबत आणला. थोडं पाणी बाहेर पडलं. अजून जोर केला. तिने दोनदा पंख झाडले, चोच उघडी राहिली, आणि मान सैल पडली.

दोन मिनिटांत खलास. इतक्या झटकन मरण येतं ते विषानेच.

मागच्या बाजूला पुरली. मी हात धुतले तेव्हा हिने साबण पुढे केला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

आज सकाळी पुन्हा तीच खणखणीत तान. “कोंबडीला कधी उलटी धरायची नसते. वर आलेलं पाणी श्वासात जातं.” मग जरा थांबून, “जोर तर अजिबात करायचा नाही.”

मी उलटी धरली हे भावजयीला कसं कळलं? त्यांच्या जिन्यावरून आमचं अंगण दिसतं. म्हणजे पाळत आहे. आणि कोंबडीच्या गळ्याची इतकी बारीक माहिती साध्या माणसाला असते का? मला साठ वर्षांत नव्हती. रोग ज्याने लावला, रोगाची माहिती त्याला. कुठेतरी पाणी मुरतंय, आणि पाणी कुठे मुरतंय ते शोधण्यातच माझा जन्म गेला आहे.

मी कोंबड्यांना मोठ्याने म्हणालो, “जपून रहा ग बायांनो. आधी मारतात, मग शिकवायला येतात.”

पलीकडे काहीतरी आपटलं. बादली असावी, पत्र्याची, रिकामी.

१० मार्च, सोमवार

दिवसभर अंगणात स्टुलावर बसून जुन्या ओळखीच्या माणसाचा पंप जोडला. दुकानात आता मुलाने पांढरी टेप आणली आहे, जोडावर गुंडाळली की झालं. मला ते पटत नाही. मी धागा आणि सफेदाच, म्हणजे शिशाची पांढरी पेस्ट, वापरतो. जुन्या जोडातला वाळलेला धागा करवतीच्या पात्याने खरवडून काढायचा, नवा धागा आट्यांवर ओढून बसवायचा, वर सफेद्याचा लेप. माझा जोड तीस वर्षं गळत नाही. कोंबड्या पायाशी घोटाळत असतात, खरवडलेलं टिपत बसतात. तेवढीच सोबत.

भांडण कशावरून झालं असं परवा कुणी विचारलं, म्हणून लिहून ठेवतो. धाकटा अकरा वर्षं माझ्या दुकानात होता. एकदा भर गिऱ्हाइकांत त्याने एक जोड चुकवला, आणि मी हसत हसत म्हणालो, “याला काम येत नाही, पण आई मरताना पदरात घालून गेली, टाकायचा कुठे?” सगळे हसले. तो पण हसला, मी स्वतः पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून आला नाही. एवढ्या गमतीवरून कुणी घर फोडतं का?

१२ मार्च, बुधवार

हेडबाई. सकाळी दाण्याआधी हात लावला तर पिशवी भरलेली, आणि टणक. रात्रीतून उतरलेली नाही. भांड्याजवळ आली, सवयीने दोघींना टोचलं, पण स्वतः खाल्लं नाही.

तांबडी गेली त्याचं वाईट वाटलं. पण हेडबाईवर माझा जीव आहे. ती गेली तर बाकीच्यांना मी आवरू शकणार नाही.

पलीकडून तासाभराने आवाज. जिन्यावरून पाहिलं असणार. “दाणा बंद करावा दिवसभर. पाणी मात्र ठेवावं. चोचीच्या कडेने तेलाचे दोन-चार थेंब, एकेक करून, ती गिळेल तसे. आणि कणीक मळतो तसं पण अगदी हलक्या हाताने पिशवी चोळावी, पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. कोंबडी सरळ धरून.” मग एक वाक्य थोडं हळू, “आणि दोन दिवसांत उतरलं नाही तर डॉक्टरकडे न्यावं. पुढे हात लावू नये.”

मी खुर्ची भिंतीच्या आणखी जवळ घेतली होती, त्यामुळे शेवटचं वाक्यही ऐकू आलं.

दाणा बंद केला. तेल दिलं. चोळतो आहे. हिने विचारलं, “हे कुठून शिकलात?”

“डोकं चालवलं.”

“हो का,” असं ही म्हणाली. ते ‘हो का’ मला आवडलं नाही.

१३ मार्च, गुरुवार

गोळा मऊ पडतो आहे. बोटांखाली थोडा हलतो. पण संपूर्ण उतरत नाही, मधे काहीतरी दोरीसारखं चिवट लागतं. तरी मी खूश आहे. याचा अर्थ इलाज बरोबर आहे. आणि इलाज बरोबर असेल तर ज्यांना तो आधीपासून माहीत होता त्यांना रोगही आधीपासून माहीत होता. पंपाचा बिघाड अचूक कोण सांगतो? ज्याने बिघडवला तो.

धाकट्याला फोनवर बोलताना ऐकलं: नर्सरीच्या परवान्याचं नूतनीकरण या महिनाअखेर आहे. सगळी रोपं तयार आहेत, परवाना मिळाला की विकायला निघणार.

मी उद्या परवाना कार्यालयात जाणार आहे. हिला सांगितलं.

ही म्हणाली, “त्याचा हंगाम जाईल.”

“माझी कोंबडी गेली.”

“कोंबडी आणि हंगाम एका मापात घालता?”

“मी घालत नाही. त्याने सुरुवात केली.”

ही उठून आत गेली. कपाटाचं दार जोरात लागलं. चाळीस वर्षांच्या संसारात कुठलं दार का वाजतं ते मला कळतं. हे दार मला उद्देशून होतं.

१४ मार्च, शुक्रवार

तक्रार दिली. माझं अक्षर चांगलं आहे. मजकूर इथे उतरवून ठेवतो: ‘शेजारील नर्सरीचालक भिंतीलगत विषारी फवारणी करून माझ्या पाळीव कोंबड्यांना गळ्याचा रोग लावत आहेत. एक कोंबडी दगावली, दुसरी मरणपंथाला आहे. नर्सरीचालकाच्या पत्नीस या रोगाची लक्षणं, तपासण्याची वेळ व उपाय यांची तंतोतंत माहिती आहे, हे मी दिनांक ५, ७ व १२ रोजी तिच्या तोंडून स्वतः ऐकले आहे. यावरून हेतू स्पष्ट होतो. तरी परवाना देऊ नये.’

कारकुनाने वाचलं आणि विचारलं, “नर्सरीचालक तुमचे कोण?”

“शेजारी,” मी म्हणालो.

“आडनाव एकच आहे.”

“असतं एकेकाचं.”

१८ मार्च, मंगळवार

नोटीस त्यांच्याकडे पोचली. चार वर्षांत पहिल्यांदा धाकटा आमच्या फाटकाशी आला. हातात कागद. आत आला नाही. मी ओट्यावर दिसत असताना तो माझ्या बाजूच्या खांबाकडे बघत हिला म्हणाला, “वहिनी, याला विचारा, माझ्या पंपात पाणी असतं, नुसतं पाणी, ते तपासून घ्यायला किती दिवस लागले असते.”

ही म्हणाली, “या ना आत.”

“आत यायला नाही आलो. आणि याला हेही सांगा की माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिही. माझ्या बायकोचं बोलणं तारखेनिशी लिहिलंस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.”

मी खांबाला म्हणालो, “जे ऐकलं ते लिहिलं.”

तो गेला. फाटक त्याने उघडं टाकलं, आणि दोन कोंबड्या रस्त्यावर गेल्या. त्या हाकलत आणताना मला धाप लागली. समोरचा शिंपी दारात उभा राहून बघत होता. मशीन चालवत असल्यासारखा एक पाय हलवत होता, पण मशीन आत होतं.

१९ मार्च, बुधवार

हेडबाईची पिशवी आज वेगळी आहे. टणक नाही. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी लिबलिबीत, खाली लोंबते. चोचीजवळ नाक नेलं तर आंबलेला, कुजका वास, मागे सरलो. चोळलं तर आत गुडगुड होतं. चोळावं की नाही ते कळत नाही. उलटी करून पाणी काढावं असं हाताला वाटलं. हात मागे घेतला.

सकाळी खुर्ची भिंतीशी नेली. सहाला पंप सुरू झाला नाही. सातला नळाचा आवाज आला, चपलांचा आला, जिन्यावर पावलं वर गेली आणि खाली आली. बोलणं नाही.

मी कोंबडीला मोठ्याने म्हणालो, “आता हे काय नवीन? लिबलिबीत झालीय पिशवी. वास मारतेय.”

काही नाही.

“दोन दिवस उलटून गेले,” मी म्हणालो.

पलीकडे झाडू सुरू झाला. लांबून जवळ आला, भिंतीपाशी थांबला, आणि परत लांब गेला.

२० मार्च, गुरुवार

तीनदा भिंतीशी बसलो. ही चहा घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली.

“काय ऐकताय?”

“काही नाही.”

“तेच म्हणते मी. आता काही नाहीच ऐकू येणार. बोलेल ती पुन्हा? बोललेलं तुम्ही सरकारी कागदावर चढवलंत.” कप माझ्या हातात न देता भिंतीवर ठेवून गेली.

हेडबाई बसून आहे. बाकीच्या तिच्या अंगावरून भांड्याकडे जातात. तिने मान उचलून त्यांना टोचलंसुद्धा नाही.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी खोक्यात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरबाई वयाने लहान, हात मात्र कसलेले. पिशवी बघून म्हणाल्या, “आत बुरशी माजली आहे, त्याचा हा वास. पण बुरशी नंतरची. आधी काहीतरी अडकलं, खालची वाट बंद झाली, मग साठलेलं नासलं. अडकलेलं काढल्याशिवाय औषध चालणार नाही.”

जागा बधिर केली, बोटाच्या दोन पेरांएवढी चीर दिली. मी धरून होतो. चिमट्याने ओढायला लागल्या तसं ते येतच राहिलं. भुरकट, वळलेलं, शेपटासारखं, मधे मधे पांढरे खडे चिकटलेले. त्यांनी ते ट्रेमध्ये पसरवलं.

“हा धागा आहे. नळकामाचा असतो तसा. आणि हे पांढरं सफेदा असावा. हा विरघळून अंगात भिनला असता तर मात्र खरी विषबाधा झाली असती. तुमच्याकडे कुणी नळकाम करतं?”

मी म्हणालो, “माहीत नाही.”

चाळीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला खोटं सांगितलं नाही अशी माझी फुशारकी असते. आज कोंबडीचे पाय हातात असताना, नखांत सफेदा असताना, मी माहीत नाही म्हणालो. डॉक्टरबाईंनी माझ्या नखांकडे पाहिलं आणि टाके घालायला घेतले. आतल्या पिशवीला वेगळे, वरच्या कातडीला वेगळे. बुरशीचं औषध दिलं, चार दिवस फक्त पातळ, पुढे आठवडाभर भिजवलेलं.

निघताना तांबडीचं विचारलं. कशी गेली ते सांगितलं, नळी, सिरिंज, उलटं धरणं, सगळं. त्या म्हणाल्या, “विष नव्हतं ते, काका. पाणी फुप्फुसात गेलं. बुडाली ती.”

आयुष्यभर लोकांच्या घरी पाणी चढवलं, आणि कोंबडी माझ्या हातात, कोरड्या अंगणात, बुडाली.

२२ मार्च, शनिवार

स्टुलाखालची आणि आसपासची माती चाळली. खरवडलेल्या धाग्याची अर्धी टोपली निघाली. सगळा माझा. दुसरं कुणी आता हा वापरतच नाही.

ही दारात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, “बोल काय बोलायचं ते.”

“मी काय बोलू? सुनावणी कधी आहे?”

“बुधवारी. इथेच येणार आहेत साहेब, जागा बघायला.”

“मग त्यांच्यासमोर बोला.”

खरं सांगायचं तर गप्प बसता येईल. फवारणी होती, कोंबडी मेली, दुसरी आजारी पडली, यातलं एकही वाक्य खोटं नाही. धागा कुणी पाहिलाय? डॉक्टरबाईंनी. त्यांना कोण विचारणार? आणि तक्रार मागे घेतली तर समोरचा शिंपी गावभर सांगेल की म्हातारा भावाच्या मुळावर उठला होता. मी शून्यातून उभा राहिलेला माणूस आहे. माझ्या नावावर लोक विश्वास ठेवून पाया न बघता टाकी बसवून घेतात. ते नाव आता कशाला घालवू?

हे लिहिलं आहे, खोडत नाही.

२६ मार्च, बुधवार

साहेब अकराला आले. जाडे, घामाघूम, हातात फाइल. धाकट्याच्या बाजूला मी चार वर्षांत गेलो नव्हतो. रांगेत रोपांचे ट्रे, प्रत्येकावर पट्टी, पट्टीवर तारीख. इतका टापटिपीचा तो माझ्या दुकानात कधी नव्हता. किंवा असेल, मी बघितलं नसेल.

साहेबांनी पंप उघडला, वास घेतला, तळहातावर पाणी ओतून घेतलं. “पाणीच आहे,” म्हणाले. मग भावजयीकडे वळले. “तक्रारीत लिहिलंय की तुम्हाला रोगाची सगळी माहिती होती. कशी?”

“माहेरी दोनशे कोंबड्या होत्या. लहानपणापासून मीच बघायची.”

“मग हे भिंतीशी बोलणं काय होतं?”

“भिंतीशी नव्हते बोलत. भाऊजींना सांगत होते.”

“थेट का नाही सांगितलं?”

“आमच्यात बोलणं नाही,” ती म्हणाली.

साहेबांनी आधी तिच्याकडे, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ते हसतील. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

मी कोंबड्यांशी बोलायचो ते टोचायला. म्हणून पलीकडून येईल तेही टोचायलाच येत असणार, असं मी धरून चाललो. यापेक्षा जास्त मी यावर लिहू शकत नाही.

मी म्हणालो, “साहेब, तक्रार मागे घेतो.”

“कारण लिहावं लागेल. गैरसमज झाला, असं लिहू?”

“लिहा.”

तेव्हा धाकटा बोलला. साहेबांशी. “गैरसमज नका लिहू. गैरसमज दोघांत होतो. मी काही केलेलं नाही. याने लिहिलं ते खोटं होतं, तर खोटं असंच लिहायला सांगा. आणि मला सांगू दे की कुठलं खोटं.”

“अहो, परवाना मिळतोय ना तुम्हाला? जाऊ द्या,” साहेब म्हणाले.

“परवाना माझ्या पाण्यावर मिळतोय. याच्या मेहेरबानीवर नको.”

ही माझ्या मागे उभी होती. मला वाटलं, ही काहीतरी मधे बोलून सांभाळून घेईल, नेहमी घेते. ती एक पाऊल मागे सरकली.

मी साहेबांकडून फाइल घेतली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘माझी तक्रार खोटी होती. कोंबड्यांच्या पिशवीत अडकलेला धागा माझ्या कामातला होता. पहिली कोंबडी माझ्या चुकीच्या उपायाने मेली. भावाच्या पत्नीने योग्य उपाय सांगितला होता. तो मी वापरला आणि तोच पुरावा म्हणून दिला.’ खाली सही.

साहेबांनी वाचलं. “नातं लिहायचं राहिलं,” म्हणाले. “आधीच्या कागदावर शेजारी आहे.”

मी ‘शेजारी’वर रेघ मारली आणि ‘भाऊ’ लिहिलं.

धाकट्याने कागद घेऊन उभ्याउभ्या वाचला. दोनदा. मग परत दिला आणि म्हणाला, “अक्षर तेवढं चांगलं आहे.” ते साहेबांना म्हणाला. भावजयीने ट्रे उचलले आणि मला वाट द्यायला बाजूला सरकली, तेवढंच. चहा विचारला नाही. मी विचारला असता का, तर नाही.

३० मार्च, रविवार

हेडबाईचा पातळ खाण्याचा काळ मंगळवारीच संपला. काल संध्याकाळी भिजवलेला दाणा थोडा दिला, ती आणखी मागत होती आणि न मिळाल्यावर तिने माझ्या अंगठ्याला टोचलं. टाके कोरडे आहेत. मी पंप जोडायचं काम आता अंगणात नाही, दुकानाच्या मागच्या खोलीत करतो. मुलाने कुरकुर केली, मी ऐकली नाही.

पलीकडे ट्रे भरून टेंपो दोनदा गेला. सहाला पंपाचा आवाज येतो. बोलण्याचा येत नाही.

आज पहाटे दाण्याआधी सगळ्यांना हात लावला. एकेक करत गेलो, आणि सवयीने म्हणा, मोठ्याने बोलत गेलो. पहिली रिकामी. दुसरी रिकामी. तिसरी, एका डोळ्याची काणी, रिकामी. मग हेडबाई. टाक्यांच्या बाजूने हळूच बोट फिरवलं. कातडी, तिच्याखाली काही नाही. सपाट. मी म्हणालो, “हेडबाईची पिशवी सकाळी रिकामी आहे. पूर्ण. वास नाही.”

भिंतीपलीकडे पंप चालू होता, तो थांबला. मी तसाच उभा, कोंबडी काखेत.

मग धाकट्याचा आवाज, भिंतीच्या अगदी जवळून. “आवाज कमी कर. लोक झोपलेत.”

‘याला सांगा’ नाही, ‘साहेब’ नाही, ‘वहिनी’ नाही. चार वर्षांत पहिल्यांदाच त्याने मला थेट काही म्हटलं, आणि तेही दटावून. माझ्या अंगणात मी किती मोठ्याने बोलायचं ते हा ठरवणार. मला राग आला, अजूनही आहे.

उरलेल्या दोघींच्या पिशव्या तपासल्या. आवाज कमी केला. भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतपत ठेवला.